चार बोटं कमी

२ जानेवारी
संकल्प: महिनाअखेर आपल्या विमानाचा इतिहास लिहून पूर्ण करायचा. कंपनीत त्याच्या डिझाइनवर काम केलेला मी एकटाच उरलोय. मोठे साहेब मागच्या वर्षी गेले, बाकीचे रिटायर झाले. मीच लिहिणार म्हणजे इतिहास निःपक्षपाती होणार.

४ जानेवारी, सकाळी
प्रकरण पहिलं. लहान गावांसाठी छोटं जेट ही कल्पना साहेबांची. धावपट्ट्या आखूड, खडी उडते, म्हणून इंजिनं पंखाखाली न लावता शेपटाजवळ. अशा ठिकाणी शिडीची गाडी कुठली, म्हणून दारातूनच उलगडणाऱ्या पायऱ्या. इथवर साहेब ठीक.
केबिनची उंची मात्र माझी. साहेबांना माणूस ताठ उभा राहील एवढी हवी होती. मी चार बोटं कमी केली. हवेचा अडथळा कमी, इंधन कमी. बोर्डाने माझं ऐकलं. साहेब चांगले उंचेपुरे. त्यानंतर ते या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत, म्हणजे जिव्हारी लागलं असणार.
ऑर्डर आल्या नाहीत, तो बाजाराचा दोष. बघायला आलेले लोक डोकं चोळत उतरले, हा योगायोग.

७ जानेवारी, दुपारी
मोजमापं तपासायला हँगरमध्ये गेलो. उरलेलं एकमेव विमान तिथे उभं आहे. आत पाऊल टाकलं तर मागच्या बाजूने आवाज. ठक्क. मग घसा खाकरल्यासारखं. साहेबांचं डोकं आपटलं की ते असेच खाकरायचे, जणू काही झालंच नाही.
थंडीने पत्रा आकसतो. साधं विज्ञान आहे. मोजमापं राहिली. तशीही मला पाठ आहेत.

८ जानेवारी
पुन्हा ठक्क, पुन्हा खाकरणं. पत्रा खाकरत नाही, असं बायको म्हणाली. तिला धातूतलं काय कळतं?

११ जानेवारी
उलगडा झाला. साहेब कबुली द्यायला येतायत. उंचीच्या बाबतीत मी बरोबर होतो एवढंच म्हणायचंय, पण जीभ रेटत नाहीये. पायऱ्यांशी उभा राहून मोठ्याने म्हणालो, बोला साहेब, घाई नाही. लगेच ठक्क. मी पळालो नाही. चालण्याचा वेग वाढवला.
इतिहास: एक पान.

१५ जानेवारी
शेवटच्या सीटचा पट्टा लावलेला होता. काल मी स्वतः सोडला होता. आज पुन्हा सोडला आणि हवेच्या अडथळ्याचं सगळं गणित त्या सीटला वाचून दाखवलं. छान चर्चा झाली.
बायको विचारते, घरात दारातून वाकून का जाता, तुमचं डोकं कुठे लागतंय? मी बुटका आहे, हे तिने सांगायची गरज नव्हती.

१९ जानेवारी
हँगर रिकामं करायचं ठरलंय. संग्रहालयाने विमान घेतलं तर ठीक, नाहीतर भंगारात. त्यांची माणसं पाहायला येणार आहेत. मला काळजी नाही. एकदा आत शिरले की प्रेमातच पडतील.
इतिहास: तेच पान, पण सुवाच्य.

२४ जानेवारी, संध्याकाळी
संग्रहालयाच्या प्रमुखांनी चढताना, मधे आणि उतरताना डोकं आपटलं. म्हणाले, लोकांना आत सोडता येणार नाही, फक्त पायऱ्यांचं दार घेऊन जातो. मी इंधनाची बचत समजावू लागलो. त्यांना बर्फ हवा होता.
साहेबांच्या पत्नीलाही मी बोलावलं होतं. वहिनी ठेंगण्या, थेट शेवटच्या सीटपर्यंत ताठ चालत गेल्या. मला राहवलं नाही. विचारलं, केबिनच्या उंचीवरून साहेब घरी चिडायचे का?
"छे हो. घरातही त्यांचं डोकं चौकटीला लागायचंच. सवय होती त्यांना."
आणि माझ्याबद्दल काय म्हणायचे?
वहिनी बराच वेळ आठवत राहिल्या. "ऑफिसातलं काही बोलायचेच नाहीत हो. तुमचं नाव कधी निघाल्याचं आठवत नाही. वाईट वाटून घेऊ नका."
म्हटलं, वाईट कसलं वाटायचं. वयामुळे विसरल्या असतील.

३१ जानेवारी
विमान कापून नेलं. उत्तम झालं, आता लिहायला शांतता मिळेल. दुपारी रिकाम्या हँगरमध्ये खुर्ची टाकून बसलो. काही आवाज नाही. साहेब, अशी हाक मारली. पुन्हा मारली. कोणाला बोलावताय, असं वॉचमनने विचारलं. फोनवर होतो, असं सांगितलं. फोन घरी होता.
ज्यांच्याशी मी इतकी वर्षं भांडलो त्यांना ते भांडण ठाऊकच नव्हतं. मला साहेबांची फार आठवण येते. ही दोन वाक्यं उद्या खोडायची.