न्याहारीच्या घंटेआधी

आदरणीय आत्या,

इथूनच वाकून नमस्कार. (समोर वाकलो असतो तर तुम्ही कान पकडला असता, म्हणून डोंगरावरून केलेला बरा.) तुमचे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? माझी तब्येत उत्तम आहे. फक्त कालपासून घास उतरत नाही आणि कुणी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मी बादली उचलून दुसरीकडे निघतो. बाकी मजेत. माझ्या खाटेच्या जागी धाकटीचं शिलाई मशीन ठेवलंत असं कळलं. छान केलंत. ते वेळ पडली तर सरकतं का, एवढं कळवा. सहज विचारतो.

तुम्ही ओळखीनं मला चिकटवलंत ते हे प्रार्थनेचं केंद्र जागा म्हणून फार सुंदर आहे. आधी इथं लाकूडतोड्यांचा तळ होता. त्यांनी डोंगर बोडका केला आणि तोडायला काही उरलं नाही तसे निघून गेले. मग तीन सिस्टर एक खेचर घेऊन वर आल्या. त्यांनी झाडं लावली, चॅपल बांधलं, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. (जेवणघरात खेचराचा फोटो आहे, सिस्टरांच्या फोटोपेक्षा मोठा.) त्यांतल्या थोरल्या सिस्टर तेवढ्या आता राहिल्यात, त्या खाली शहरात असतात आणि अधूनमधून वर येतात. लोक इथं देवाशी बोलायला येतात, म्हणून एकमेकांशी बोलत नाहीत. आल्यापासून शेवटच्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत कडक मौन. ज्याची जीभ झोपेतही चालते (तुमचेच शब्द) त्याला इथं पाठवण्यात तुमचा काय डाव होता, ते आता कळलं.

तर झालं असं. इथला कारभार बघणारे फादर कामासाठी खाली जाताना म्हणाले, पाहुणे यायच्या आत आवार स्वच्छ कर. चॅपलच्या खालच्या अंगाला गवत माजलं होतं आणि गवतात दगडच दगड. मला वाटलं, बांधकामातले उरलेले. पसारा दिसला की उचलायचा, हे वळण मला कुणी लावलं? मी नाव घेत नाही. सगळे दगड गोळा करून मी स्वयंपाकघरामागच्या भाजीच्या वाफ्याला असा ठेंगणा बांध घातला की बघत राहावं. स्वयंपाकीणबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे मेल्या, ती प्रार्थनेची वाट होती!"

म्हणजे दगडांच्या ओळींमधून मान खाली घालून गोल गोल चालायचं, मधल्या जुन्या बुंध्यापाशी पोचायचं, जरा बसायचं आणि तसंच परत यायचं. थोरल्या सिस्टरांनी ती वाट स्वतःच्या हातानं मांडलेली, आणि लोक लांबून खास तिच्यासाठी येतात. मी म्हटलं, आधी सांगायचं नाही का? तर म्हणाल्या, मला काय ठाऊक तू डोंगरच उचलायला निघालायस! पाहुणे संध्याकाळी यायचे होते. मी बांध पाडला आणि अंदाजानं वाट पुन्हा मांडली. (बाई मदतीला होत्या, पण चुलीपासून सवड नसल्यानं त्या स्वतः त्या वाटेनं कधीच गेल्या नव्हत्या.)

माझी वाट बुंध्यापाशी जात नाही, आत्या. ती स्वयंपाकघरामागं कपड्यांच्या दोरीखाली निघते. पहिल्याच दिवशी एक पोक्त बाई हात जोडून, डोळे अर्धे मिटून, चालत चालत थेट फादरांच्या वाळत घातलेल्या पायजम्यासमोर आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. बोलता येत नसल्यानं कुणी कुणाला विचारत नाही. जो तो समजतो, आपलीच भक्ती कमी पडली. एक जाडजूड गृहस्थ तर आतल्या गोलातच फिरताहेत, कारण त्या गोलाला बाहेर पडायला जागा ठेवायची राहून गेली. (ते आत कसे शिरले, देवालाच ठाऊक.) दगड घोट्याएवढे आहेत, कुणीही ओलांडावेत. पण ओलांडायचे नाहीत असा नियम! मी पाणी नेऊन दिलं, हातवारे करून सांगितलं, उडी मारा. त्यांनी मला आशीर्वाद दिला आणि पुन्हा चालू लागले.

आज सकाळी थोरल्या सिस्टर अचानक शहरातून वर आल्या, काठी टेकत त्या वाटेनं निघाल्या आणि दोरीखाली आल्या. मी तिथंच बादली घेऊन उभा. त्यांनी पायजम्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकून एक दगड उचलला, पिशवीत टाकला आणि आपल्या खोलीकडे गेल्या. पुरावाच तो! दुपारी फादर परतले. त्यांनीही वाट पाहिली. चेहरा लालबुंद, पण मौन. उद्या न्याहारीला ते सुटतं, आणि ते सोडायची घंटा वाजवायचं काम माझं आहे.

आजवर मला कुठल्याही कामावरून कुणी काढलेलं नाही, कारण त्यांच्या आधी मीच पळालो. इथून मात्र पाय निघत नाही. सकाळी चॅपलचं दार उघडतो तेव्हा कुठंच जावंसं वाटत नाही, आणि ही सवय नसल्यानं भीती जास्त वाटते.

आतोबांना नमस्कार.

उद्यापर्यंत तरी नोकरीत असलेला,
तुमचा भाचा

ता. क. पिशवी भरून ठेवली आहे. मशीन सरकवा.

दुसरा ता. क. सकाळ झाली. सगळे जेवणघरात बसलेत आणि मी घंटेच्या दोरापाशी. दोर ओढत नाही तोवर नोकरी आहे. फादर खिडकीतून हात हलवताहेत. मीही हलवला. ते आता दोन्ही हात हलवताहेत.

तिसरा ता. क. घंटा वाजवली. फादरांनी तोंड उघडलं, पण थोरल्या सिस्टरांनी त्यांच्याआधी पिशवीतला दगड टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हा मला पहिल्यापासून नको होता. आमच्यातल्या मधल्या सिस्टरनं हट्टानं बसवला, आणि मी दर खेपेला त्याला ठेचकाळले. पवित्र वाटेतला दगड काढायचा कसा? या पोरानं काढला, बरं झालं." मग त्यांनी खरा इतिहास सांगितला. बाकीच्या दोघी सिस्टर दिवसभर भांडायच्या, म्हणून यांनी एका वेळी एकच माणूस मावेल अशी वाट काढली, म्हणजे बरोबर येऊन कुणी कान खायला नको. आता त्या खुर्ची टाकून काठीनं दाखवणार आणि मी दगड मांडणार. फादर कुरकुरले, याला महिने लागतील. मी म्हटलं, लागू देत. तेवढ्यात स्वयंपाकीणबाईंच्या लक्षात आलं की एक खुर्ची रिकामी आहे. जाऊन बघतो तर जाडजूड गृहस्थ अजून फिरताहेत! त्यांनी घंटा ऐकली होती. म्हणाले, इतकी शांतता आयुष्यात मिळाली नव्हती, हा एक गोल मोडू नका.

तेव्हा मशीन राहू द्या तिथंच. फक्त एक काम करा. सिस्टरांनी काढलेल्या दगडाची जागा रिकामी आहे आणि त्या म्हणतात, तुला जाचणारा एखादा दगड तिथं आण. आपल्या उंबऱ्याजवळचा पाठवा, दर वेळी मला ठेच लागते तो. पण नको. मी आल्याचं तुम्हाला त्या ठेचेवरूनच तर कळतं. दुसरा कुठला तरी पाठवा.