रिकामं वल्हं

२८ सप्टेंबर
झाली बुवा नोकरी! गडहिंग्लजहून एसटीने आलो, मिसळ हाणली आणि ताराबाई पार्कात गणपतरावांच्या बंगल्यावर रुजू झालो. काम काय, तर रखवाली आणि एक तलवार पुसणं. त्यांच्या आरमारी पूर्वजाला लढाई जिंकल्याबद्दल मिळालेली मानाची तलवार. मूठ सोन्याची, पात्यावर सोन्याच्या तारेने गलबत काढलंय. पुढे सरदार ऐटीत उभे, मागे वाकलेले वल्हेकरी. एका वल्ह्यावर मात्र कुणीच नाही. कारागीर कंटाळला असावा. दिवाळीच्या सुमारास बायको, दानेश्वरी, बाळंत होईल. तोवर पगार सुरू झाला, जिवाला स्वस्थता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
तलवारीची पूजा. ज्याने त्याने आपलं हत्यार तिच्या पुढ्यात मांडलं. स्वयंपाकाच्या चिमणाबाईंनी विळी, ड्रायव्हरने पाना. माझ्याकडे काय असणार? गमतीने दोन्ही हात मांडले. गणपतरावांनी हसत त्यांना हळद-कुंकू लावलं. मग हात धुऊन श्रीखंड-पुरीवर ताव मारला.

५ ऑक्टोबर
अंग भयंकर दुखतंय. झोपेतून उठतो तो दमूनच. खांदे तर कुणी पिळून काढल्यासारखे. तळहाताला फोड आलेत. पातं सकाळी ओलं होतं. जिभेला लावलं तर खारट.

१० ऑक्टोबर
हातावरचं कुंकू निघत नाही. चिमणाबाईंनी पाहिलं आणि ओरडल्याच, ‘अरं लेका, पूजंत मांडलेलं तलवारीचं हुतंय! आम्ही दसऱ्याला इचारून उचलतो. तू न इचारताच उचललास की!’ गणपतराव मान खाली घालून बसले. नोकरी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, जाऊन बघा.

१३ ऑक्टोबर
स्टँडपर्यंत गेलो. एसटीचा दांडा धरला आणि हात आपोआप मागे-पुढे, मागे-पुढे. लोक हसले. उतरलो. तलवारीपुढे नाक घासलं, परवानगी मागितली. पातं गळत राहिलं.

१७ ऑक्टोबर
मुलगी झाली. फोन चिमणाबाईंनी माझ्या कानाला धरला. रडू आवरेना. माझी बोटं मिटलेलीच, जाड काहीतरी धरल्यासारखी. पेन मुठीत खुपसून लिहितोय. एवढी दमणूक — एकदा लेकीला घ्यायचंय, मग काय ते —

१८
पात्यावर माणूस आलाय. रिकाम्या वल्ह्यावर. पाठमोरा. हात तेवढे लाल.

दिवस माहीत नाही
गणपतराव माझ्या खोलीत आले. इकडे तिकडे पाहिलं, हाका मारल्या. मी समोरच — ऐकू गेलं नाही. शेजारचा वल्हेकरी म्हणतो दम खाऊ नको. लेकीचं नाव अजून ठेवलं नाही, कुणीतरी दानेश्वरीला सांगा मी — सरदारांनी हात वर केला —