करड्या रंगाचे दोन हात

आई, आपलं जहाज शेवटी भंगारात गेलं. आपलं म्हणतोय, कारण तूही एकदा त्याच्यावर चढली होतीस. घरच्यांना जहाज दाखवायचा दिवस होता. पारनेरहून एसटी, पुढे आगगाडी असं करत तू मुंबईच्या गोदीत आलीस आणि जहाजावर जायच्या फळीपाशी थांबलीस. वहाणा काढल्यास आणि पदरात गुंडाळून घेतल्यास. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे दोस्त बघत होते, साहेबांच्या बायका बघत होत्या. मी दातओठ खात म्हणालो, "आई, घाल की पायात. सगळेच घालून जातात." तर तू चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "लेकाचं घर हाय न्हवं? पायतान घालून कशी येऊ?" मग अख्ख्या जहाजभर अनवाणी हिंडलीस, तोफेला हात लावून नमस्कार केलास. "लई चकचकीत ठिवलंय रं," म्हणालीस, "खाली भाकरी ठिवून खावी." गावात पुढे वर्षानुवर्षं हेच सांगत होतीस. तुला कुठं माहीत, की घरचे येणार म्हणून आम्ही आठवडाभर नुसता रंगच लावत होतो!

आता मी तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून मोठा आहे. नगर जिल्ह्याला समुद्र नाही, आपल्या भागात तर प्यायच्या पाण्याची मारामार, तरी नेव्हीतून परत आलेले आम्ही बरेच आहोत. जहाज निवृत्त झालं, गोदीच्या कडेला बांधून ठेवलं, आणि ते मोडणार अशी कुणकुण लागली तेव्हा आम्ही दहा-बारा म्हातारे एकत्र आलो. पुढाकार श्रीरामपूरच्या तोफवाल्याचा. तुला आठवत असेल, तो ख्रिश्चन पोरगा, माझ्याबरोबर सुट्टीत आला होता आणि तुझी शेंगदाण्याची चटणी नुसतीच खात बसला होता. तो म्हणाला, "नगरला रणगाडे ठेवलेत की जपून, पोरं बघायला जातात. मग आपल्या जहाजानं काय पाप केलंय?" पाण्यावरच ठेवायचं, शाळेच्या सहली आणायच्या, आत कोण कुठं काम करायचं ते आपण स्वतः दाखवायचं, असं ठरलं. लोकांनी वेड्यात काढलं. आम्ही मात्र दर महिन्याला भाकऱ्या बांधून निघायचो, जहाजावरच झोपायचो आणि गंज खरवडायचो. इतकं बरं मला तुझी सून गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

पण तळाशी सगळी बोंब होती. माझी सगळी नोकरी बॉयलर रूममध्ये गेली, त्यामुळे खाली मीच उतरायचो. तळाच्या पत्र्यावर हातोडी मारली की टण्ण वाजायला पाहिजे. तिथं भद्द वाजायचं. काही ठिकाणी पत्रा पापडासारखा झाला होता. जहाज पाण्यातून बाहेर काढून तळाला नवे पत्रे ठोकल्याशिवाय ते टिकणार नव्हतं, आणि ते काम आमच्या बापाच्यानंही होणारं नव्हतं, ते सरकारनंच करायला हवं होतं. आम्ही अर्ज करून करून पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं एक मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. जहाजाची अवस्था बघायची आणि दुरुस्तीचं काय ते सांगायचं.

आणि आई, आम्ही काय केलं असेल असं वाटतंय तुला? आम्ही रंग लावला. कुणी ठरवलं नाही, कुणी सुचवलं नाही. साहेब येणार म्हटल्यावर हात आपोआप ब्रशकडे गेले. जन्मभर तेच केलेलं! वर करड्या रंगाचे दोन हात दिले, पितळ घासलं, दोर गुंडाळून ठेवले, कडक इस्त्रीच्या कपड्यांवर पदकं लावून रांगेत उभे राहिलो. बॉयलर रूमचं झाकण बंद केलं आणि त्याच्यावरूनही ब्रश फिरवला. साहेब डेकवरून फिरले, झाकणापाशी थांबले, विचारलं, "इसके नीचे क्या है?" तोफवाल्यानं खाडकन सलाम ठोकला. "बॉयलर रूम, सर! सब ठीक है, सर!" आणि मी शेजारी छाती पुढे काढून उभा. जहाजाची लाज कशी जाऊ द्यायची? साहेब खूश झाले. म्हणाले, जहाज तर नव्यासारखं आहे, याला एवढ्यात काही होत नाही, आमच्याकडे याहून वाईट अवस्थेतल्या वस्तू पडल्यात, आधी त्या बघू. आम्ही आनंदानं चहा प्यालो. एसटीत एकमेकांच्या पाठी थोपटत होतो. माळशेज घाट चढताना तोफवाल्यानं माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "आपण काय केलं रे हे?"  आळेफाट्याला उतरून कुणी चहासुद्धा घेतला नाही.

मला त्या घाटात मामाची गाडी आठवली. दुष्काळ होता, तू खडी फोडायला जात होतीस, आणि मामा बैलगाडीतून भेटायला आला होता. मी बोलून गेलो, घरात पीठ नाही, आम्ही नुसतं हुलग्याचं माडगं पितोय. मामा उठला, गाडीत बाजरीचं पोतं होतं ते उतरवायला गेला. तू हसलीस. "चेष्टा करतंय पोरगं. भरपूर हाय आमच्याकडं." आणि पोतं उतरू दिलं नाहीस. तो गेल्यावर चुलीपाशी माझा कान पिरगळलास. "झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं भाईर सांगायचं न्हाई, मेलं तरी." त्या रात्री आपण पुन्हा माडगंच प्यालो.

मेलं तरी! तू तसंच केलंस. तू जायच्या आधीच्या माझ्या सुट्टीत, मी निघायच्या दिवशी, तू सकाळपासून हिरवं इरकली लुगडं नेसून बसलेली. शेंगोळे केलेस, हसत होतीस, पदर घट्ट लपेटलेला. मी म्हणालो, बारीक झालीस. तू म्हणालीस, "म्हातारपनी काय जाड हू व्हय?" फाट्यापर्यंत मला सोडायला चालत आलीस. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, की छातीतली गाठ फुटली होती, तू पदराखाली चिंध्या बांधत होतीस, शेंगोळे त्यांनीच वळून दिले होते. माझी एसटी वळणावर दिसेनाशी झाली आणि तू तिथंच रस्त्यात मटकन बसलीस. तार आली तेव्हा जहाज समुद्रात होतं. मी पोचलो तेव्हा तुझा दहावासुद्धा होऊन गेला होता. मला तुझा राग येतो, आई. लोक मेलेल्या आईविषयी असं बोलत नाहीत, पण येतो. मला सांगितलं असतंस तर मी तुला मुंबईला नेलं असतं, नेव्हीच्या दवाखान्यात दाखवलं असतं. कदाचित काही झालंही नसतं. पण तुझ्याजवळ तरी बसलो असतो ना.

जहाजाचं पुढं काय झालं ते सांगतो. त्या पावसाळ्यात बॉयलर रूममध्ये पाणी शिरलं. एका सकाळी ते गोदीच्या भिंतीला टेकून कललेलं दिसलं. मग मात्र सगळे साहेब धावत आले. जहाज धोकादायक ठरलं, लिलाव झाला. आम्ही दोघं, मी आणि तोफवाला, ते मोडताना बघायला गेलो. आत कोण सोडतंय? कुंपणाच्या तारेबाहेर उभे राहिलो. गॅसनं कापून अख्खी एक बाजू उघडी केलेली, आणि माझ्या बॉयलर रूममध्ये ऊन पडलं होतं. इतकी वर्षं मी तिथं घाम गाळला, पण तिथं कधी ऊन पाहिलं नव्हतं. वाफेच्या पाइपांना गुंडाळलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं पांढरं अस्तर फाटून कापसासारखं उडत होतं, आणि कामगार तोंडाला नुसता गमछा बांधून ते उपटत होते. आम्हीही असंच उपटायचो, हातानं, उघड्या तोंडानं, मस्करी करत. मी तारेला धरून खोकायला लागलो तो थांबेचना. तोफवाला पाठ चोळत होता आणि रडत होता. जहाजासाठी रडत होता की माझ्यासाठी, मी विचारलं नाही.

नगरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, नोकरी कुठं केली?" मी सांगितलं. मग त्यांनी फोटो उजेडाला धरून मला छातीतले डाग दाखवले. तेच पांढरं अस्तर, आई. जहाज गेलं, पण त्याचा तेवढा भाग माझ्याकडं राहिलाय. औषध आहे, बरं व्हायचं औषध नाही. घरचं कुणीतरी सोबत आणा, असं ते म्हणाले. घरचं म्हणजे एक लेक, पुण्याला असते. ती फोनवर विचारते, "बाबा, दम का लागतोय तुम्हाला?" मी म्हणतो, "शेळीमागं पळत होतो गं." आपल्याकडं शेळी कुठाय? ती उद्या सकाळच्या गाडीनं येतेय.

आज उठल्या उठल्या ठरवलं होतं, की तिला सगळं सांगायचं. तुझ्यासारखं करायचं नाही, आम्ही साहेबांसमोर केलं तसं तर मुळीच करायचं नाही. झाकण उघडायचं आणि म्हणायचं, उतर खाली, बघ. फोटो पलंगावर काढून ठेवला, ती दारातून आत आली की पहिला तोच दिसेल असा. तेवढं झाल्यावर वाटलं, पोरगी येतेय, घर जरा झाडून घ्यावं. झाडलं. दाढी केली. मग मिशांना कलप लावला. इस्त्रीवाल्याकडून पांढरा शर्ट आणला. पोरीला चटणी आवडते म्हणून शेंगदाणे भाजले, मधेमधे खाली बसत. हा कागद सकाळी तिच्या आंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवीन तेव्हा त्यात जाईल, म्हणून तुला खरं सांगायला हरकत नाही. मघाशी लिहिता लिहिता मी उठलो आणि पलंगावर धुतलेली चादर घातली. फोटो चादरीखालीच आहे. नेव्हीत शिकवतात तसे चारी कोपरे ताणून आत दुमडलेत. एक सुरकुती नाही, आई.