तळघरातलं देऊळ

सोमवार, ११ सप्टेंबर २००६

पान सतरा. मथळा तोच—'हॅम्बुर्गचं हरवलेलं चायनाटाऊन'. पहिलं वाक्य माझं. दुसरं माझं. शेवटचं माझं. नाव—कुमार लेले!

तीनदा वाचलं. एक शब्द बदललेला नाही. शुद्धलेखनाची चूक एकही नाही, कारण मी ठेवली नव्हती. खाली बारीक अक्षरांत: 'छायाचित्रे व इतर मदत: आमचे आचारी.' आचारी! त्या आचाऱ्याला नाव नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तीनशे लोकांनी ही स्मरणिका घरी नेली. तेव्हा मी मागच्या बाजूला मसालेभात परतत होतो. एक प्रत मला आज मिळाली, तीही कुणीतरी रेस्टॉरंटच्या टेबलावर विसरून गेलेली.

एकवीस सोमवार! सोमवारी आमच्या रेस्टॉरंटला रूहटाग, सगळ्यांना सुट्टी. बाकीचे झोपतात. मी सांक्ट पाउलीत जाऊन श्मुकस्ट्रासवर पावलं मोजत होतो. चिनी खलाशी—जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारी माणसं—बंदरात उतरून त्या भागात राहिले होते. पुढे दुकान, मागे बिछाना. तळघरात लॉन्ड्री, नाहीतर खानावळ. मग १९४४च्या मे महिन्यात गेस्टापोने त्यांना धरून नेलं आणि वस्तीच संपली. आता फारसं काही उरलेलं नाही. जे उरलंय ते मी चौकटीच्या वहीत उतरवलं—दारं, जिने, रंगाखालची पुसट अक्षरं.

का? आमचं स्वयंपाकघरही तळघरातच आहे. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांच्या पोटऱ्या तेवढ्या दिसतात. त्या माणसांनाही तेवढंच दिसत असणार. याहून बरं कारण मला देता येत नाही.

"मस्त आहे रे! दे माझ्याकडे, मी देतो संपादकांना," मंडळाचा सगळा कारभार पाहणारा कुमार म्हणाला होता. आणि मी दिलं. हस्ताक्षर सुवाच्य काढून दिलं!

मंगळवार, १२ सप्टेंबर

डाळीत मीठ दोनदा पडलं. चार वर्षांत पहिल्यांदा. तेही त्याच्यामुळेच.

गुरुवार, १४ सप्टेंबर

कुमारला फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं, क्रमांक घालून. पहिल्या वाक्यालाच तो हसला.

"अरे राजा, नावाचं काय घेऊन बसलास? मंडळाचं काम कुणा एकाचं नसतं. आणि खरं सांगू? लोक विचारतात, लेखक कोण, शिकलाय किती. अकरावी नापास म्हटलं तर कोण वाचणार? तुझं काम फुकट गेलं असतं. आल्झो, म्हणजे मी ते वाचवलं!"

अकरावी नापास नाही. अकरावी सोडली. बाबा गेले म्हणून सोडली. पण ते वाक्य कागदावर नव्हतं, त्यामुळे बोलता आलं नाही.

शनिवार, १६ सप्टेंबर

लुडविग्सहाफेनहून माझ्या बहिणीचा, धम्मदीपाताईचा फोन. तिला सगळं सांगितलं.

"काहून जीव जाळतो रे? नावाचं काय लोणचं घालतो का?"

मी म्हटलं, "तुझ्या प्रयोगशाळेतल्या रिपोर्टावर दुसऱ्याचं नाव आलं असतं तर?"

तिने विषयच बदलला. मग म्हणाली, "जेवला का?"

म्हणजे माझं बरोबर आहे.

सोमवार, १८ सप्टेंबर

कुमारचा फोन. आवाजात असा गोडवा, जणू काही घडलंच नाही! ८ ऑक्टोबरला तो मंडळातर्फे 'चायनाटाऊन हेरिटेज वॉक' काढणार आहे. थोडे जर्मन पाहुणे येतील, जिल्हा कचेरीतल्या एक बाई येतील. त्याला माझी वही हवी.

"आणि ऐक, तुझ्या लेखात..." तुझ्या म्हणाला! लगेच सावरला. "लेखात देऊळ नाहीये. आम्ही सिंगापूरला गेलो होतो ना, काय देवळं आहेत तिथे! छपरावर ड्रॅगन, लाल कंदील, धुराने डोळे चुरचुरतात. बाजूला जुन्या दुकानांची रांग. देवळाशिवाय कसलं चायनाटाऊन?"

"इथे नव्हतं, सर. मी शोधलं."

"एवढी माणसं राहत होती आणि देव नाही? असं कसं? नीट बघ. असणारच. गेनाऊ बघ जरा."

फोन ठेवला. मग गॅसची बटणं बंद आहेत का ते तीनदा पाहिलं. बंद होती.

देऊळ पाहिजे? देतो!

सोमवार, २५ सप्टेंबर

त्या भागात उरलेल्या जुन्या घरांपैकी एक मी निवडलं. तिथला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, आता ओळखतो मला. त्याने तळघर उघडून दिलं. अकरा पायऱ्या. कोळशाचा वास अजून आहे. समोरच्या भिंतीत कोनाडा: पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद, तीस खोल, वरच्या बाजूला काजळी. तिथून शेगडीच्या धुराचा पाइप जायचा. पाइपाची लोखंडी कडी अजून आत आहे. बोट घालून खात्री केली.

हे सगळं वहीत तारखेसकट लिहिलं, चित्र काढलं, खाली हाउसमाइस्टरची सही घेतली. "कशाला?" म्हणाला. म्हटलं, मला सगळं नीटनेटकं लागतं.

मग वेगळा कागद घेतला. 'खलाशांच्या समुद्रदेवीचं स्थान, साधारण १९२५. कोनाड्यातली काजळी उदबत्त्यांची. सणाला चिनी खलाशी इथे फळं ठेवून जात.' सगळं खोटं! मी लिहिलेलं पहिलं खोटं, आणि एकही खाडाखोड नाही!

वॉकच्या शेवटी, जिल्हा कचेरीच्या बाईंसमोर, मी विचारणार—"सर, हे तुम्हाला कुठे सापडलं?" तो थापा मारील. मग मी वही उघडणार. वाक्यं लिहून ठेवली आहेत. पाच.

बुधवार, २७ सप्टेंबर

वही ठेवून घेतली, फक्त तो कागद ईमेलने पाठवला. सात मिनिटांत उत्तर: 'सुपर!!! म्हटलं नव्हतं?'

रविवार, ८ ऑक्टोबर

क्रमाने लिहितो.

बावीस माणसं आली. भुरभुर पाऊस. कुमारने लाल कंदील आणला होता, बॅटरीवर चालणारा! तो उंच धरून पुढे चालला होता. "इथे लॉन्ड्री," "इथे खानावळ"—सगळं माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमाने. दोन ठिकाणी उजवं-डावं चुकला. मी चुकू दिलं.

तळघराच्या दाराशी आल्यावर कुमारच्या पत्नी, विभावरीवहिनी, म्हणाल्या, "अहो, बुटांचं काय?"

कुमारने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "काढायचे! देऊळ आहे."

आणि बावीस माणसांनी सांक्ट पाउलीच्या फुटपाथवर बूट काढले! ओल्या फरशीवर मोजे! जर्मन पाहुणेसुद्धा, एकमेकांच्या खांद्याला धरून. समोरच्या बारमधून एक जण ओरडला, "आत काय फुकट बिअर आहे काय?" मला इतका आनंद जन्मात झाला नव्हता.

खाली गेल्यावर कुमारने कोनाड्याला हात लावून कपाळाला लावला. कपाळावर काजळीची तीन बोटं उमटली. कुणी त्याला सांगितलं नाही. मी तर नाहीच.

वही हातात होती. पाच वाक्यं पाठ होती. मी घसा खाकरला—

आणि मागून एक म्हातारी पुढे आली. जिल्ह्याच्या फुकट पेपरात कुमारने वॉकची जाहिरात दिली होती, ती वाचून आलेली. फ्राउ मार्टेन्स. सत्तरीची, चेहरा चिनी, बोलणं अस्सल हॅम्बुर्गी. तिने सांगितलं—माझे वडील या भागात लॉन्ड्री चालवायचे. मी आठ वर्षांची होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत. कबरही नाही.

पिशवीतून तीन संत्री काढली आणि कोनाड्यात ठेवली. एक घरंगळलं, ते उचलून पुसून पुन्हा ठेवलं. रडली नाही. फळांची गोष्ट जाहिरातीत होती—माझ्याच कागदातली.

मी वही काखेत मारली. पाचांतलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

भित्रा! भित्रा!

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

घरमालकाने त्या तळघराची किल्ली फ्राउ मार्टेन्सना दिली. म्हणाला, देऊळच असेल तर तिथे येण्याचा पहिला हक्क तुमचा. हे मला कुमारने फोन करून सांगितलं. "डोळ्यांत पाणी आलं रे माझ्या! आपण काय करून गेलो बघ!"

आपण.

सोमवार, ३० ऑक्टोबर

तळघरात गेलो. ती होती. दर सोमवारी येते म्हणाली. एक घडीची खुर्ची आणून ठेवलीय. खराट्याने पायऱ्या झाडत होती.

"आह, स्वयंपाकी!" वॉकला कुमारने तशीच ओळख करून दिली होती. मी तोंड पाडलं असणार, कारण तिने लगेच नाव विचारलं. उज्ज्वल. तिला म्हणता येईना. चार वेळा म्हटलं तिने, जमेपर्यंत सोडलं नाही. मग एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं. वडिलांबद्दल सांगत होती: इस्त्री केलेल्या कॉलरी इतक्या कडक की टेबलावर आपल्या आपण उभ्या राहायच्या. बेंझिनचा वास यायचा त्यांना. जर्मन शिव्या छान द्यायचे.

परत येताना वाटलं, जाऊ दे. मिरवू दे कुमारला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते लिहितो. मात्र माफ केलेलं नाही. तेही लिहितो.

शनिवार, ४ नोव्हेंबर

मंडळाची दिवाळी. जेवण माझ्याकडेच.

कुमार माइकवर: जिल्हा कचेरी त्या घरावर पाटी लावायचा विचार करतेय. पाटीवर खाली ओळ येणार, 'संशोधन: कुमार लेले'. टाळ्या! मग मला आतून बोलावलं. हातात जिलब्यांचं ताट होतं, ते घेऊनच उभा राहिलो. "हा आमचा उज्ज्वल. याचाही खारीचा वाटा आहे बरं का!" लोक हसले. खार!

खाली उतरल्यावर विभावरीवहिनींनी विचारलं, "तुझं आडनाव काय रे? इतक्या दिवसांत विचारलंच नाही."

सांगितलं.

"अच्छा... अच्छा. म्हणजे तुमचं ते बुद्धाचं वगैरे. तरीच तुला त्या चिन्यांचं एवढं!"

मी ताट पुढे केलं. त्यांचा हात निघाला होता, तो मध्येच थांबला. "नंतर घेते हं." गणपतीत याच बाईने माझ्या हातचा मसालेभात दोनदा मागून घेतला होता. कुमार शेजारी उभा. सगळं पाहिलं त्याने. आकाशकंदिलाकडे बघत राहिला.

नंतर घेतली नाही. मी लक्ष ठेवून होतो.

रविवार, ५ नोव्हेंबर

तीन पत्रं लिहिली. एक जिल्हा कचेरीला. एक मंडळाच्या समितीला. एक घरमालकाला, कारण त्यालाही फसवलंय. प्रत्येकात वहीच्या त्या पानाची झेरॉक्स, हाउसमाइस्टरच्या सहीसकट. देऊळ खोटं, मी रचलं, आणि ज्याने 'संशोधन' केलं त्याने एकदाही मला विचारलं नाही की हे तुला सापडलं कुठे. रचल्याबद्दल माझं काय व्हायचं ते होवो. तो माझ्याबरोबर बुडाला पाहिजे.

म्हातारीचं काय? म्हातारीला संत्री दुसरीकडे ठेवता येतील. हे वाक्य लिहिताना हात थांबला नाही.

सोमवार, ६ नोव्हेंबर, सकाळी

तिन्ही आइनश्राइबनने, रजिस्टर पोस्टाने, पाठवली. पत्ते दोनदा ताडून पाहिले, जर्मन चार वेळा वाचलं. खाली पूर्ण सही, आडनावासकट! खिडकीवरची बाई म्हणाली, उद्या पोचतील. "नक्की?" "नक्की."

उद्या मंगळवार. कुमार दहाला ऑफिसात पोचतो. साडेदहापर्यंत त्याचा फोन वाजायला लागेल. ताटापुढे थांबलेला तो हातही उद्या फोन उचलील! पोस्टापासून घरापर्यंत शीळ घालत आलो. मला शीळ येते हे मलाच माहीत नव्हतं.

सोमवार, ६ नोव्हेंबर, दुपारी

वाटलं, म्हातारीला आपणच सांगावं. गेलो. कोनाडा, पाइप, समुद्रदेवी—सगळं मी रचलं म्हणून सांगितलं. पत्रांचंही सांगणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून. पाइपाची कडी मलाही दिसते. आणि बाबांनी कुठल्या देवाला कधी हात जोडले नाहीत. सुट्टीच्या दिवशी झोपायचे ते."

"मग संत्री?"

"आमचं घर होतं तिथे आता गाड्या उभ्या असतात. गाडीच्या चाकाखाली कशी ठेवू?" मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका. मालक किल्ली परत मागेल."

मी हो म्हटलं. धावत पोस्टात गेलो. टपालाची गाडी साडेबाराला गेली होती.