सलग अकरा वर्षं कॅरम चॅम्पियन

सोमवार, २० जानेवारी १९९२. सकाळी ६.४०

नवीन वर्षाची रोजनिशी आजपासून. वीस दिवस उशीर झाला, कारण वही नव्हती. काल ट्रंकेत मिलचं एक कोरं हजेरी रजिस्टर सापडलं. ते आपल्या घरी कसं आलं ते नीट आठवत नाही. चोरी नव्हे. एकोणीस वर्षं गेटवर टाइमकीपर होतो, तेवढा हक्क पोचतो.

मिलला कुलूप लागून सहा आठवडे झाले. लोक डोक्याला हात लावून बसलेत. मी नाही. बाबा महूला फौजेत होते, त्यांचं रक्त आहे. शिवाय माझ्याकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे नाही. मी मिलचा कॅरम चॅम्पियन आहे. एक वर्ष नव्हे, दोन नव्हे, सलग अकरा. बँका, रेल्वे, सगळे खेळाडूंना नोकऱ्या देतात. वय त्रेचाळीस, पण कॅरम काय, बसूनच खेळायचा असतो.

निश्चय: रोज पाचला उठणे. तीन तास प्रॅक्टिस. चहा दोनच वेळा.

आज सव्वासहाला उठलो. थंडी होती. उद्यापासून.

बुधवार, २९ जानेवारी

प्रॅक्टिस बंद. बोरिक पावडर संपली. म्हणजे संपवण्यात आली. जयाने ती कणकेत मळून गोळ्या केल्या आणि झुरळांसाठी मोरीत ठेवल्या. मी म्हटलं, ही खेळाची सामग्री आहे. ती म्हणाली, अहो, पण झुरळं मेली ना? मेली, हे खरं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

जया दवाखान्यात नर्स आहे. सध्या घर तिच्याच पगारावर चालतं, म्हणून मी जास्त ताणलं नाही.

बोर्ड मिलच्या क्लबचा. चौकीदाराला सांगून हातगाडीवर आणला. दिवसा पलंगावर असतो, दुसरीकडे मावत नाही. दुपारी बाहेरून आलो तर त्याच्यावर निवडायचे तांदूळ पसरलेले. राणीच्या जागी एक खडा.

रविवार, ९ फेब्रुवारी

दीनाशी खेळलो. धम्मदीना, आमची मुलगी, नववीत. ती जिंकली, पंचवीस–अकरा. अर्थात मीच जिंकू दिलं. मुलांचा उत्साह मोडू नये. दुसरा गेमही जिंकू दिला. तिसऱ्याला माझा अंगठा दुखत होता.

वर म्हणते कशी, पप्पा, तुम्ही स्ट्रायकर ढकलता, टिचकी मारा ना! अकरा वर्षांच्या चॅम्पियनला हे ऐकावं लागतं.

मिलमध्ये खेळाची कदर होती. जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी खेळायला लोक नंबर लावायचे. लूमवरचा नथू तर रोज. बिचारा रोज हरायचा आणि रोज परत यायचा. तसा आळशी माणूस, सकाळी कायम पंधरा मिनिटं लेट. पण खेळाडू म्हणून मी त्याच्या नावापुढे लाल शाईचा लेट मार्क कधी लावला नाही. क्लबात खेळणाऱ्या सगळ्यांनाच मी सांभाळून घ्यायचो. खेळाला कुणीतरी प्रोत्साहन द्यायला हवं.

रविवार, १ मार्च. दुपारी २.००

वर्ल्ड कप. ऑस्ट्रेलिया. पहाटे साडेपाचपासून टीव्हीसमोर, डावा पाय मुडपून. पाय मुडपलेला होता तोवर आपले रन निघत होते. ऐन शेवटी जया म्हणाली, नळाला पाणी आलंय. एक दिवसाआड येतं. मी म्हटलं, देश अडचणीत आहे. ती म्हणाली, बादल्या पण रिकाम्या आहेत.

उठलो. दोन बादल्या भरल्या. परत येऊन बघतो तर एका रनाने हरलो. एका! म्हणजे बादलीमागे अर्धा रन. हे जयाला हिशेबासकट समजावलं. ती म्हणाली, चला, पाणी तरी भरून झालं.

या घरात खेळाडूचं दुःख कुणाला कळत नाही.

मंगळवार, १७ मार्च

दोन बातम्या.

एक. जयाचा भाऊ दिवाकर पीथमपूरला एका नव्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने साहेबांशी बोलून माझा इंटरव्ह्यू ठरवला. स्टोअर क्लार्क. शनिवार, २८ तारीख, दुपारी दोन. म्हणाला, जीजाजी, मैंने जुबान दी है, बस टाइम पे आ जाना. टाइमकीपरला सांगतो, टाइमवर ये!

दोन. मल्हारगंजात एका धर्मशाळेत खुली कॅरम स्पर्धा. तारीख तीच. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी फायनल आणि प्रमाणपत्र.

शांतपणे विचार केला. जन्मभर नट-बोल्ट मोजायचे, की प्रमाणपत्र घेऊन थेट बँकेत जायचं? फॉर्म भरला. नावापुढे कंसात ‘मिल चॅम्पियन’ लिहिलं. जयाला यातलं काही सांगितलं नाही. सरप्राइज.

शनिवार, २८ मार्च. सकाळी ८.३०

इस्त्रीचा शर्ट. जयाने टिफिन दिला, दीनाने आपलं चांगलं पेन दिलं. मी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दोघी दारात उभ्या होत्या. जरा कसंतरी झालं. कप बघितला की समजतील.

सकाळी १०.३५. धर्मशाळा.

माझी मॅच संपली. माइकवर, लक्ष्मणजी, मिल चॅम्पियन, असं पुकारलं तेव्हा लोक वळून बघत होते. समोर हृषीकेश नावाचा इंजिनियर, पुण्याहून इकडे नोकरीला आलेला. सोंगटी घेतली की म्हणायचा, सॉरी हं काका. सत्तावीस वेळा म्हणाला. राणीच्या वेळी तर आता पाया पडतो की काय असं वाटलं.

कारणं: पंखा नेमका डोक्यावर. बोर्ड परका. पावडर जास्त.

११.०५. बस स्टँड इथून चालत पंधरा मिनिटं, पुढे पीथमपूर बसने तासभर. दोनचा इंटरव्ह्यू आरामात गाठता येईल.

१२.१५. अजूनही गाठता येईल. पण असं नुकतंच हरलेलं तोंड घेऊन साहेबांपुढे कसं बसायचं?

१.३०. आता नाही. टिफिन उघडला. मेथीचे पराठे, आणि एका डबीत बर्फीचा तुकडा. इंटरव्ह्यूला जाताना तोंड गोड करायला म्हणून ठेवला असणार. पराठे खाल्ले. बर्फी खाववली नाही. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला दिली.

संध्याकाळी ७.३०. घर.

जयाने विचारलं, कसा झाला? मी म्हटलं, छान. एवढ्यावरच थांबणार होतो. पण दीनाने विचारलं, साहेब काय म्हणाले? मी म्हटलं, असाच माणूस आम्हाला पाहिजे होता, असं म्हणाले. मग थांबताच येईना. स्टोअर केवढं आहे, पंखे किती आहेत, कँटीनचा चहा कसा आहे, सगळं सांगून टाकलं. दीना विचारत होती आणि मी सांगत होतो.

सोमवार, ३० मार्च

जयाने दवाखान्यात पेढे वाटले. मी म्हटलं, अगं, ऑर्डर तरी येऊ दे. ती म्हणाली, चार महिन्यांत एक चांगली गोष्ट झाली, वाटू दे मला. मलाही एक आणला होता. खाल्ला.

उद्या सगळं खरं सांगणार. पक्कं.

मंगळवार, ३१ मार्च

सांगणार होतो, पण जया थकून आली होती. उद्या एक एप्रिल, खरं सांगितलं तरी थट्टा वाटेल. परवा.

गुरुवार, २ एप्रिल

सांगायची वेळच आली नाही. दिवाकर आला. चपला न काढताच म्हणाला, जीजाजी, आप आए क्यों नहीं? साहेब साडेतीनपर्यंत थांबले, मेरी तो नाक कट गई. जया चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात राहिलं.

मग सगळं सांगावं लागलं. धर्मशाळा, पुण्याचा इंजिनियर. पंख्याचंही सांगितलं. जयाने एकच विचारलं, कितीने हरलात? मी म्हटलं, पंचवीस–शून्य. ती म्हणाली, शून्य? चहा दिला. दिवाकरला दिला तसाच मलाही दिला, ते जास्त लागलं.

ड्यूटीला निघताना दारात थांबली. म्हणाली, पेढ्यांचं मी तिथे काय सांगू? आपल्याच बायकोसमोर शाळेतल्या पोरासारखा खाली बघत उभा राहिलो. एवढी लाज मिल बंद झाली तेव्हाही वाटली नव्हती. ती मिल माझ्यामुळे बंद झाली नव्हती.

स्टोअर क्लार्कची जागा भरली गेली.

रविवार, ५ एप्रिल

हात बसायला हवा, म्हणून नथूला घरी बोलावलं. तो आता मल्हारगंजात धान्याच्या दुकानात पोती उचलतो, रविवारी सुट्टी असते. विचार असा की त्याला दोन-तीन गेम हरवले की आपला सूर परत लागेल. दीना शेजारी गणितं सोडवत बसली होती. जया स्वयंपाकघरात.

पहिला बोर्ड नथूने घेतला. दुसराही. तिसऱ्याला राणी आणि कव्हर लागोपाठ, विझलेली बिडी ओठात ठेवून. मी म्हटलं, नथू, मिल बंद झाल्यापासून तुझा खेळ सुधारला रे. तो हसला. म्हणाला, टाइमबाबू, खेळ तोच आहे. अब काहेको हारूं?

मला समजलं नाही. म्हणजे समजलं, तरी विचारलं.

त्याने जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं. त्याची आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. सकाळी तिला स्वच्छ करून, भरवून निघेपर्यंत भोंगा होऊन जायचा. तीन लेट मार्क लागले की अर्धा दिवस कापला जायचा. मग काय करणार, दुपारी टाइमबाबूंशी हरायचं. सगळेच हरायचे. फायनलची तर पाळी ठरलेली असायची, ज्याला सूट जास्त पाहिजे त्याची फायनल. एका वर्षी नथूला मेव्हणीच्या लग्नासाठी मानपूरला जायचं होतं, तर त्याने खात्यातल्या लक्ष्मीकांतशी पाळी बदलून घेतली होती. आणि म्हणाला, बुरा मत मानना भिया, पर कभी कभी तो आपसे हारना भोत मुश्किल पड़ता था. तुमची राणीच जायची नाही, आम्ही तरी किती वेळ चुकायचं?

दीनाचं पेन थांबलं होतं. आतल्या भांड्यांचा आवाजही.

मी हसलो. जोरात हसलो. म्हटलं, अरे, मला माहीतच होतं. नथू म्हणाला, वही तो, आप तो समझदार आदमी. चहा पिऊन गेला.

त्याला मी आळशी समजत होतो. याच रजिस्टरमध्ये तसं लिहिलंय, फेब्रुवारीत, आत्ता परत वाचलं. इतकी वर्षं तो रोज उशिरा आला आणि मी एकदाही विचारलं नाही की का. विचारलं असतं आणि त्याने आईचं सांगितलं असतं, तर न खेळताही मी त्याचा लेट मार्क सोडला असता का? सोडला असता, असं लिहायला पेन उचललं होतं. नाही लिहिलं.

कप अकरा आहेत. फळीवरून काढून ट्रंकेत ठेवले. दीनाने बघितलं.

मंगळवार, १४ एप्रिल. संध्याकाळी ७.००

सकाळी तिघं महूला जाऊन आलो. जयंतीची गर्दी. जया माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. गर्दीत हरवू नये म्हणून तिने माझी बाही धरली होती. गर्दी संपल्यावरही थोडा वेळ धरून होती, लक्षात नसेल.

उद्यापासून पीथमपूर. दिवाकरने माझ्यासाठी परत शब्द टाकला, स्टोअरमध्ये हेल्पर. दिवाकरला थँक्यू म्हटलं, त्याच्याकडे न बघता. तिथे टाइमकीपर नसतो, मशीन आहे. कार्ड घातलं की किती मिनिटं लेट ते छापून येतं. मशीन कॅरम खेळत नाही.

मघाशी दीना म्हणाली, पप्पा, एक गेम. मला नको होतं. तिने बोर्ड मांडलासुद्धा, म्हणून बसलो. आज तिचं काही जमत नव्हतं. तरी शेवटच्या बोर्डला मी वीस, ती बावीस. राणी भोकाच्या तोंडाशी, कव्हरची सोंगटी तिच्या मागेच. डोळे मिटून टिचकी मारली तरी दोन्ही गेल्या असत्या. दीनाने नेम धरला, जीभ दाताखाली घेतली, आणि स्ट्रायकर चार बोटं बाजूने गेला. अरेरे, म्हणाली.

हे अरेरे मी ओळखतो. अकरा वर्षं रोज दुपारी ऐकलंय.

मी राणी घेतली, कव्हर घेतलं. पंचवीस–बावीस. तिने टाळ्या वाजवल्या. मी सोंगट्या डब्यात भरत बसलो आणि आता ही काय मागते याची वाट बघत होतो. मैत्रिणीकडे राहायला जायचं असेल. सहलीची परवानगी. उशिरा यायची सूट. तिने बोर्ड पुसला, भिंतीला लावून ठेवला, पावडरची डबी झुरळांच्या डबीपासून लांब ठेवली. म्हणाली, पप्पा, बस सहा चाळीसची आहे, मी उठवते तुम्हाला.

आणि आत गेली. मी बराच वेळ बसून होतो, ती परत येईल म्हणून. नाही आली. काहीच नको होतं तिला. अकरा वर्षांत माझ्याशी असं फुकट कुणी हरलं नव्हतं.