अर्धं राज्य कुठून कुठपर्यंत?

सिडको, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार

तीर्थस्वरूप सुदर्शनदादास,

धाकट्या प्रेरणाचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, हे अण्णांनी कान पिळून शिकवलं होतं. तरी एकदा लिहून खोडलंच.) आईचे गुडघे कसे आहेत? वहिनींची पाठ? चिरंजीव माऊलीचं क्रिकेट अभ्यासाच्या मानानं बरं चाललं असेल, असं धरून चालते. इकडं तुझी रूपा मजेत आहे. शाळेसाठी आत्याकडं राहणाऱ्या मुली अंगानं वाळतात म्हणतात, ही मात्र माझ्या ताटातलंही खाते.

परवा फोनवर तू विचारलंस, "प्रेरणे, पोरीच्या डोक्यात काय भरवलंस?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "सोमवारी ये, हक्कसोडीवर सही कर, एकदाचं मिटव." म्हणजे अण्णांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं तुझ्या नावे सोडायचा. सहीचं नंतर बोलू. आधी पोरीच्या डोक्याचं सांगते, कारण त्यात दोष माझा किती आणि गोष्टीचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डायरीत तीन निकाल लिहिले आहेत आणि तिन्ही एकमेकांविरुद्ध आहेत.

आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून मुलांना गोष्ट सांगतात. या वेळी पाळी माझी होती. राजपुत्र घोड्यावरून येतो आणि राजकन्या बुरुजात बसून त्याची वाट बघते, असली गोष्ट सांगायची नाही हे मी पक्कं केलं होतं. (का बसते ती? बुरुजाला जिना नसतो का? लहानपणी मी अण्णांना विचारलं, तर म्हणाले, झोप.) म्हणून माझ्या गोष्टीत राक्षसाला हरवते ती कुंभाराची पोर. राजाची दवंडी मात्र मी जुनीच ठेवली: जो कोणी राक्षसाचा बंदोबस्त करील त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या. तिथं चुकलं. घर नवं बांधलं आणि चौकट जुनीच बसवली.

पोर हुशार निघाली. तिनं गुहेच्या तोंडाशी भट्टी पेटवली आणि तीत पोतंभर लाल मिरच्या ओतल्या. राक्षस शिंकत शिंकत डोंगर उतरला तो थेट शेजारच्या राज्यात. (पहिलीतल्या सोनियाचं म्हणणं, ठारच मारायला पाहिजे होता. मी म्हटलं, माझ्या गोष्टीत मारामारी नाही. तर म्हणाली, मग शेजारच्या राज्यातल्या लोकांनी काय करायचं? मी गोष्ट पुढं रेटली.)

मग पोर दरबारात आली. राजा अर्थात मीच. मी नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि बोलून गेले, "शाब्बास! पोरगी नाहीस तू, माझा पोरगाच आहेस!" दादा, हे वाक्य मी आधी योजलेलं नव्हतं. अण्णा पाहुण्यांपुढं मला हेच म्हणायचे, तू रूपाला हेच म्हणतोस, ते आपल्या घराच्या तोंडात बसलेलं आहे. पण रूपा सतरंजीवरून उठलीच. "पोरगाच ना? मग द्या की अर्धं राज्य!"

राजाची पंचाईत झाली. मी म्हटलं, पोरी, राज्य घेऊन काय करशील? भरजरी साडी देतो, दिवाळीला बोलावणं धाडतो, हा दरबार म्हणजे तुझं माहेरच समज. बोलताना माझा आवाज हुबेहूब तुझ्यासारखा निघाला. (मुद्दाम काढला का? मी स्वतःला कसून विचारलं. नाही बहुतेक.)

तेवढ्यात बाकावरून गोजरबाई गरजल्या. या आमच्या शेजाऱ्यांच्या आई. त्यांना ऐकू येत नाही, असा सोसायटीचा समज होता. "सही करू नको म्हणावं तिला! लुगडं विरतं, वावर विरत नाय!" मुलांनी विचारलं, कसली सही? तर म्हणाल्या, "भावांनी अंगठा घेतला माझा. लुगडं लई भारी दिलं, व्हय. आता त्याची चिंधी बी नाय." हे सगळं हसत हसत. मुलं राक्षसाला विसरली आणि सतरंजीवर वाटणीच सुरू झाली. तळं कुणाकडं? हत्ती अर्धा कसा करायचा? सत्यम नावाचा एक मुलगा म्हणाला, "ये तो चीटिंग है, राजकन्येला कुणी विचारलंच नाय!" खरंच की. आम्ही तिला बक्षिसात धरलं होतं. शेवटी रूपानं निवाडा केला: अर्धं कुंभाराच्या पोरीला, अर्धं राजकन्येला. मग राजाला काय? "पेन्शन."

पुढचं तुला माहीत आहे. घरी येताच तिनं तुला फोन लावला, "पप्पा, मी तुमचा पोरगाच ना? मग माझं अर्धं कुठून कुठपर्यंत?" मागून माऊली ओरडला, विहीर माझी! हिनं सुनावलं, तर मग तिच्यावरची मोटार माझी. मोठ्या माणसानं अशा वेळी फोन काढून घ्यायला हवा होता. मी घेतला नाही, कारण तुझं उत्तर मलाही ऐकायचं होतं. तू म्हणालास, "रेंज नाय बेटा."

तर माझी बाजू एवढीच. पुढच्या पाळीला प्राण्यांची गोष्ट सांगेन. त्यांच्यात सातबारा नसतो.

आईच्या पाया पडते. वहिनींना नमस्कार.

तुझी
प्रेरणा

ता. क. : रूपाला नवा स्वेटर घेतला आहे, तू घेऊ नकोस.

ता. क. २ : सहीचं नंतर बोलू म्हटलं आणि बोललेच नाही. सोमवारी येते, पण सही करणार नाही. मला बांध घालायचा नाही, पिकातलं काही नको. कसतोस तू, कसत राहा. सातबाऱ्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव आहे, ते तेवढं तिथं असू दे. मी अण्णांचा पोरगा कधीच नव्हते. पोरगी होते, तेवढ्या नात्यानं असू दे.

ता. क. ३ : हे फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं "बरं" म्हणाला असतास, मी रडले असते आणि येऊन सही केली असती. म्हणून हे पत्र. माझी बस अकराच्या सुमारास फाट्यावर येईल. रागावला असशील तर घ्यायला येऊ नकोस, मी चालत येईन. नसशील तर ये. पण काही झालं तरी ट्रॅक्टर आणू नकोस, मोटारसायकलच आण, तिला आरसा आहे. मला मागं ट्रॉलीत बसवशील, आणि तिथून तुझं तोंड दिसत नाही.