रेषेबाहेरचं ते तण

४ मार्च, शनिवार
कंपनीतर्फे सामायिक बागेत चार शनिवार श्रमदान. माझ्या हाताखाली अकरा जण. टीम लीडची जागा रिकामी आहे. तुला माणसं सांभाळता येतात का ते बघू, एवढंच साहेब म्हणाले. म्हणजे जागा माझीच. माणसं म्हणजे शेवटी वेळापत्रक.
बाग एक मावशी बघतात. वाफ्यांचा नकाशा मागितला, तर म्हणाल्या, नकाशा कशाला, डोळे आहेत ना?
निश्चय: चिडायचं नाही.

८ मार्च, बुधवार
नकाशा मीच काढला. दोन रोपांत दहा सेंटिमीटर. पेरणी ओळीत असते हे गृहीत. शेजारच्या टेबलावर सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरने विचारलं, रोपांना मेल गेला का? दुर्लक्ष केलं. थोडी चिडले.

११ मार्च, शनिवार, सकाळी ८.१०
अकरापैकी सात हजर. दोघं पांढऱ्या बुटांत. आजचं काम तण काढणं. तण ओळखायचं कसं, असा प्रश्न आला. व्याख्या दिली: रेषेवर ते रोप, रेषेबाहेरचं ते तण. टेस्टर म्हणाला, मावशींना विचारू या का? त्या टाकीपाशी होत्या. वेळापत्रकात विचारायला वेळ धरलेला नाही.
चाळीस मिनिटांत चार वाफे साफ. साहेबांना फोटो पाठवला.

११.३०
मावशी गाजराचं बी ओळीत पेरत नाहीत. मुठीने विखरून टाकतात. हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं, ही चूक त्यांची. तीन आठवड्यांची रोपं कचऱ्याच्या पिशवीत गेली. त्या ओरडल्या नाहीत. पिशवीत हात घालून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, बाई गं, एवढं शिकायला किती वर्षं लागली?
मी सांगितलं, इंजिनिअरिंगची चार.

१५ मार्च, बुधवार
आई फोनवर म्हणाली, सॉरी म्हण आणि मोकळी हो. आईला तांत्रिक बाबी कळत नाहीत. सॉरीने ओलावा मोजता येत नाही. मी मोजणार. मातीत सेन्सर, नळाला जोडणी, माती सुकली की पाणी आपोआप.

१८ मार्च, शनिवार
मावशींनी पुन्हा पेरलं. टेस्टर गुडघ्यांवर बसून त्यांच्यासोबत पेरत होता, हसत होता. मी यंत्र बसवून पाच पानी सूचना वाचून दाखवल्या. ऐकणारे दोन. त्यातल्या एकाला निघायची घाई.

२० मार्च, सोमवार
पाणी शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत चालू होतं. निम्मं बी वाहून रस्त्यावर. ओली माती कशी असते ते सेन्सरला ऑफिसातल्या कुंडीवर शिकवलं होतं. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं निघालं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सगळं मीच कसं बघायचं?

२४ मार्च, शुक्रवार
साहेबांनी मावशींचं मत घेतलं. त्या म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, फक्त जिवंत असं काही तिच्या हाती देऊ नका. टीम लीड टेस्टर. मला सर्व्हर रूम. तुझ्या स्वभावाला ते बरं, असं साहेब म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या ती जबाबदारी मोठीच आहे. तरी जेवण गेलं नाही.

२५ मार्च, शनिवार
सेन्सर काढून आणायला गेले. आज अकराच्या अकरा हजर. मावशींनी मलाही काम दिलं. नव्या पेरणीवर पाखरं उतरतात, म्हणून वाफ्याच्या मधोमध उभं राहायचं, हात जरा पसरून. बाकी कशालाही हात लावायचा नाही.
आठ ते अकरा उभी होते. एकही पाखरू उतरलं नाही. जाताना मावशी म्हणाल्या, हे मात्र तुला छान जमलं हो.